विदिशेची मुलगी, चंदेरीचं कापड आणि आपलं बकरम

(मंडळाच्या गणेशोत्सवात शाहपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा हा लिखित भाग. वक्त्या अनेक वर्षे शिवणवर्ग चालवतात.)



या व्यासपीठावर आजवर मोठमोठी माणसं बोलून गेली. कुणी ज्ञानेश्वरीवर बोललं, कुणी शेतीवर. मी शिवणक्लास चालवणारी बाई. अध्यक्षांनी बोलावलं तेव्हा मी म्हटलं, “अहो, मला कापड बेतता येतं, भाषण बेतता येत नाही.” ते म्हणाले, “मग कापडावरच बोला.” म्हणून आज कापडावर बोलते आणि कापडामुळे मोठ्या झालेल्या, आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका मुलीविषयी बोलते.

सुरुवातीला हा तुकडा बघा. मागच्यांना दिसत नसेल, पांढरा, कडक, वीतभर आहे. बायकांनी लगेच ओळखलं असेल, बकरम. सदऱ्याच्या कॉलरच्या पोटात असतं. कॉलर ताठ राहते ती याच्यामुळे. पण सदरा विकत घेताना बकरम कुठलं आहे हे कुणी विचारतं का? आपल्या बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग हेच विणतात. बकरम, अस्तराचं कापड, ग्रे मार्किन, ब्लीच धोती, कॅम्ब्रिक. दिवसरात्र खडखडाट चालतो. इथून गाठी बाहेर जातात, दुसऱ्या गावी रंगवल्या जातात, तिसऱ्या गावी शिवल्या जातात आणि चौथ्या गावचं लेबल लागून दुकानात येतात. त्यावर बुऱ्हाणपूर हे नाव कुठेच नसतं.

आणि एकेकाळी काय होतं? सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या बुऱ्हाणपुरातून गेला. त्याने लिहून ठेवलं आहे की इथे तलम, आरपार दिसणारं कापड मोठ्या प्रमाणावर होतं आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं. सोन्याचांदीच्या जरीचं काम असलेल्या ओढण्या, डोक्याला बांधायची वस्त्रं, असं सगळं. म्हणजे पोलंडमधल्या एखाद्या घरात आपल्या तापीकाठचं कापड होतं आणि लोकांना ते बुऱ्हाणपूरचं म्हणून ठाऊक होतं. ते नाव आपल्या हातून गेलं, कापड मात्र चालू राहिलं. हे मनात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती गेलेलं नाव परत मिळवण्याची आहे.

सांची आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, निदान शाळेच्या सहलीत. सांचीच्या शेजारी विदिशा. दिल्लीहून मुंबईला जाणारी रेल्वेची लाईन विदिशेवरून भोपाळ, इटारसी, खांडवा करत आपल्या बुऱ्हाणपुरावरून पुढे भुसावळला जाते. त्या विदिशेची मुलगी वैशाली शडांगुळे. आडनाव ऐकलंत ना? आपल्यातलंच. आज तिच्या कपड्यांच्या ब्रँडचं नाव ‘वैशाली एस’ आहे. जुलै 2021 मध्ये पॅरिसच्या ‘ओत कुत्युर’ सप्ताहात तिने आपले कपडे सादर केले आणि तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री डिझायनर ठरली.

ओत कुत्युर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण मलाही हे माहीत करून घ्यावं लागलं. साधा अर्थ उच्च दर्जाचं शिवणकाम. एका गिऱ्हाइकाच्या मापाचा, बराचसा हाताने केलेला, असा पोशाख. फ्रान्समध्ये 1945 पासून हा शब्द वापरायला कायद्याचं बंधन आहे. कुणीही उठून दुकानावर तशी पाटी लावू शकत नाही. तिथली संस्था ठरवते आणि बाहेरच्या देशातल्या मोजक्या लोकांना पाहुणे म्हणून बोलावते. तिच्या आदल्याच वर्षी, जानेवारी 2020 मध्ये, राहुल मिश्रा यांनी तिथे कपडे दाखवले होते. तेही आपल्यासारख्याच लहान गावातून आलेले, कानपूरजवळच्या खेड्यातले. म्हणजे मोठ्या शहरात जन्मल्याशिवाय हे जमत नाही, ही समजूत या दोघांनी पुसून टाकली.

आता तिची वाट बघू. सतराव्या वर्षी तिने घर सोडलं. विदिशेहून भोपाळला गेली. ही गोष्ट सांगताना माझी जीभ जरा अडखळते, कारण समोर आईवडील बसले आहेत. मुलींनो, घर सोडून पळा असं मी सांगायला आलेली नाही. सतरा वर्षांच्या एकट्या मुलीला बाहेर काय काय सोसावं लागतं, हे इथल्या प्रत्येक बाईला न सांगता कळतं. मी एवढंच विचारते की जे तिला घर सोडून करावं लागलं, ते आपल्या घरात राहून, आपल्या पाठिंब्याने का होऊ नये? या प्रश्नाकडे मी शेवटी परत येणार आहे.

भोपाळमध्ये नोकरी करत असताना कुणी काय घालावं, कशावर काय शोभेल, हे ती मैत्रिणींना सांगायची. तिचं सांगणं बरोबर निघायचं. तेव्हा कुणीतरी तिला म्हणालं, यालाच फॅशन डिझायनिंग म्हणतात, हे काम कर. पुढे ती मुंबईला आली. 2001 मध्ये बँकेचं 50,000 रुपये कर्ज काढून तिने मालाडला छोटंसं दुकान टाकलं. त्या दुकानापासून तिच्या ब्रँडची सुरुवात धरतात. मालाडचं दुकान ते पॅरिस, मध्ये वीस वर्षं गेली. टीव्हीवर आपल्याला शेवटची पंधरा मिनिटं दिसतात, रोषणाई आणि चालणाऱ्या मुली. मधली वीस वर्षं मापं घेण्यात, उसवण्यात, परत शिवण्यात आणि कर्जाचे हप्ते भरण्यात जातात.

मला तिची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दुकान चालू होतं, गिऱ्हाईक येत होतं. तरी तिला वाटलं, आपलं शिक्षण अपुरं आहे. मग ती दिल्लीच्या पर्ल अकादमीत जाऊन रीतसर शिकली. धंदा मांडल्यावर पुन्हा वहीपेन घेऊन बसायला मोठं मन लागतं. माझ्या क्लासला कुणी चाळिशीची बाई आली की पहिल्या दिवशी म्हणते, “आता काय शिकायचं वय आहे का?” मी तिला हे उदाहरण देते.

2011 मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये ती पहिल्यांदा उतरली. त्यानंतर न्यूयॉर्क, मग 2021 मध्ये पॅरिस आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीतलं मिलान. पॅरिसच्या त्या संग्रहाचं नाव होतं ‘ब्रेथ’, म्हणजे श्वास. साऱ्या जगाला श्वासाची किंमत कळलेले ते करोनाचे दिवस होते.

पण तिने नेलं काय तिथे? कामाची गोष्ट ही आहे. तिने चंदेरी नेली. आपल्या आईच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली चंदेरी.

चंदेरी हे गाव अशोकनगर जिल्ह्यात, विदिशेच्या उत्तरेला. ताण्याला रेशीम, बाण्याला सूत, अशी तिची वीण. रेशमाचा चीक पूर्ण काढत नाहीत, म्हणून ते कापड आरपार दिसतं, चमकतं आणि अंगावर फुगून राहतं. पूर्वी एका मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसायचे. धोटा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचा. एका साडीला चार हात. शिंदे सरकारने तिला आश्रय दिला, चंदेरीला विणकाम शिकवायची सोय केली. म्हणजे त्या कापडाचं आणि मराठी माणसाचं नातं जुनं आहे. महेश्वरीचं तर सांगायलाच नको. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले आणि त्या साडीच्या काठावर आजही किल्ल्याची आणि घाटाची नक्षी दिसते. काठ असा की साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते. इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, बुऱ्हाणपूर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी बाईच्या कपाटात पैठणी एखादी, पण चंदेरी-महेश्वरी चार तरी असतात.

तर या कापडाची साडीच होते, असं आपण सगळे धरून चाललो होतो. वैशालीने त्याचा झगा केला, कोट केला, अंगावर लाटेसारखे पडणारे पोशाख केले. खण तर तुम्हाला माहीतच आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, अरुंद पन्ह्याचा. त्याची चोळी आणि परकर यापलीकडे आपण गेलो नाही. देवीची ओटी भरायची, खण द्यायचा, आणि तो खण पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या घरी फिरत राहायचा. (हसताय, म्हणजे तुमच्याकडेही फिरतो.) तो खण तिने परदेशातल्या बायकांच्या अंगावर चढवला.

आता शिवणाऱ्या बायकांसाठी एक खास गोष्ट. ब्लाउजच्या गळ्याला आपण दोरी घालून पायपिन लावतो ना? तिची ओळखीची कारागिरी त्याच जातीची आहे. कापडात दोरी धरून शिवायची, ओळीवर ओळ, जवळजवळ, वळणं घेत. मग सपाट कापडावर उठाव येतो, झाडाच्या सालीसारखा, समुद्राच्या शिंपल्यासारखा. आणि बेतताना उरलेल्या चिंध्या ती टाकत नाही, त्यांचाही त्याच कामात उपयोग करते. आपली आजी गोधडीत हेच करत होती. आपण ते काटकसर म्हणून केलं, आता सगळं जग त्याला पर्यावरणाचं भान म्हणतं. दोन्ही खरंच आहे.

मला यातून जे कळलं ते असं. पायपिन मलाही येते. चंदेरी आपल्याकडेही आहे. फरक कुठे पडला? तिने कापडाकडे बघून विचारलं, “यातून आणखी काय होईल?” मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला विचारलं, “ताई, गळा किती खोल घेऊ?” दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण पहिल्या प्रश्नातून नवीन वस्तू जन्माला येते आणि तिला करणाऱ्याचं नाव लागतं.

ब्रँड म्हणतात तो यापेक्षा फार वेगळा नसतो. अनिता डोंगरे यांचं उदाहरण घ्या. सिंधी घरात जन्मलेल्या, लग्नानंतर डोंगरे झालेल्या. बहिणीबरोबर दोन शिवणयंत्रांवर त्यांनी सुरुवात केली. नोकरी करणाऱ्या बाईला रोज घालता येतील असे कपडे त्यांनी केले, तेव्हा दुकानदारांनी ते ठेवायला नकार दिला. मग त्यांनी स्वतःची दुकानं काढली. 2016 मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याची सून केट मुंबईत आली आणि त्यांचा झगा घालून मैदानात क्रिकेट खेळली. एका दिवसात नाव जगभर झालं, पण त्या दिवसाच्या मागे वीसेक वर्षांचं काम होतं. पालघर जिल्ह्यातल्या चारोटी, जव्हार या भागात त्यांनी गावातल्या बायकांना शिवण शिकवून तिथेच काम दिलं. हे मला जास्त मोलाचं वाटतं. राजघराण्याची सून एकदा येते, गावातल्या बाईला दर महिन्याला पगार लागतो.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वाहवत गेल्या. असे कपडे महाग असतात. या सभागृहातलं कुणी ते घेईल असं मला वाटत नाही. मीही घेणार नाही. शिवाय हातमागाने साऱ्या देशाचं अंग झाकलं जाणार नाही. आपल्या जिल्ह्यातली किती घरं यंत्रमागावर जगतात ते आपण बघतोच. यंत्रमागाला नावं ठेवून मी इथून घरी जाऊ शकणार नाही. त्यांचं दुःख वेगळं आहे. सुताचा भाव वर, कापडाचा भाव खाली, वीज गेली की माग उभा. आणि एक खोटेपणाही चालतो. यंत्रमागावर झरझर काढलेलं कापड चंदेरी म्हणून विकलं जातं आणि चंदेरीतल्या विणकराचं पोट मारलं जातं. 2005 मध्ये चंदेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते हे थांबवण्यासाठी. पण कायदा कागदावर असतो, दुकानात आपण असतो. आपण विचारलं नाही तर दुकानदार कशाला सांगेल?

आणखी एक प्रश्न माझ्या मनात येतो. पॅरिसला नाव झालं ते वैशालीचं. विणणाऱ्याचं झालं का? याचं उत्तर मी अर्धं हो देईन. त्याला काम मिळालं, त्याच्या कापडाचं नाव घेतलं गेलं, हे मोठंच आहे. पण एका पोशाखाच्या मागे सूत भरणारी बाई, ताणा लावणारा, विणणारा, बेतणारा, काजबटण करणारी अशी माणसांची रांग उभी असते. लेबलवर एकच नाव मावतं. ज्याचं नाव लेबलवर आहे त्याने बाकीच्यांची नावं तोंडाने घ्यावीत, त्यांचा दाम वेळेवर द्यावा. एवढं झालं तरी पुष्कळ.

आता शेवटाकडे येते, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या क्लासला एक मुलगी यायची. तिचं नाव सांगत नाही. बाकीच्या मुली कागदाचा फर्मा ठेवून खडूने आखायच्या. ही कापड दोन्ही हातांनी उचलायची, उजेडात धरायची, त्याचा पडाव बघायची आणि मग कात्री लावायची. चुकायची नाही. बारावी झाल्यावर इंदूरच्या एका डिझाइनच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, “बाई, तुम्हीच सांगा, पाठवू का?” त्यांना माझ्यावर विश्वास होता. आणि मी म्हटलं, “भाऊ, शिवण तर ती इथेच शिकते आहे. त्यासाठी इंदूर कशाला? एवढा पैसा कशाला?” त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

ती सुखात आहे. घर चांगलं आहे, दोन मुलं आहेत, शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवते. मागच्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा मला भेटायला आली. मी नुकताच शिवलेला एक कुर्ता खुंटीला होता. तिने तो सहज हातात घेतला, उलटा केला, आतली शिवण बघितली आणि हळूच म्हणाली, “बाई, इथे कापड तिरकं घेतलं असतं तर घेर सुरेख पडला असता.” ती बरोबर होती. तिने तक्रार म्हणून एक शब्द काढला नाही. चहा घेतला, नमस्कार केला, गेली. मी तो कुर्ता रात्री उसवला आणि तिने सांगितलं तसा पुन्हा शिवला.

मला त्या वेळी डिझायनिंग म्हणजे महागडं शिवणकाम वाटत होतं. माझं अज्ञान मी अनुभव म्हणून त्या वडिलांना दिलं. तिने पॅरिस गाठलं असतं असं मी म्हणत नाही, पण तिला तिची वाट बघता तरी आली असती.

म्हणून तीन साध्या विनंत्या करते आणि थांबते.

पहिली. घरातली मुलगी, किंवा मुलगासुद्धा, असा फॉर्म घेऊन आला तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. संस्था सरकारमान्य आहे का, फी किती, वसतिगृह कसं, आधीची मुलं आज काय करतात, हे जाऊन बघा. निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था, 1986 साली सुरू झाली, तिची एक शाखा आपल्या भोपाळला आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा असते आणि ती देण्यासाठी विज्ञान शाखाच हवी असं नाही. आणि माझ्यासारख्या बाईला विचारू नका, ज्याला माहीत आहे त्याला विचारा.

दुसरी. गौरीला, पाडव्याला साडी घ्याल तेव्हा विचारा, हातमागाची की यंत्रमागाची? कुठे विणली? हातमागाचं चिन्ह आहे का? यंत्रमागाची घेतलीत तरी काही बिघडत नाही, आपल्याच माणसांचं पोट आहे. फक्त जे आहे ते त्याच्या खऱ्या नावाने घ्या.

तिसरी विनंती मंडळाला. आपण दरवर्षी दहावी-बारावीचे टक्के बघून गुणगौरव करतो. त्यात हाताने काही नवीन करणाऱ्या एका मुला-मुलीचा सत्कार ठेवावा. आणि पुढच्या सहलीला महेश्वर घ्यावं, एक मुक्काम करावा. नर्मदेचं दर्शन होईल आणि माग चालताना बघता येईल. मुलांना धोट्याचा आवाज एकदा ऐकू द्या.

हा बकरमाचा तुकडा मी इथेच, मखराच्या बाजूला ठेवून जाते. बाप्पाच्या मागचा हा पडदा ताठ उभा आहे ना, त्याच्या पट्टीतही हेच आहे. काल मीच शिवला. कुणाच्या लक्षात आलं नसेल, म्हणून सांगितलं.

गणपती बाप्पा मोरया!